लाइट बिल खरेच कमी झाले का?

(मंडळाच्या सभेत सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बिल कमी कसे करावे हे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. ते सांगणारे रोज दारावर येतात. कोणी डबी विकतो, कोणी सोलर विकतो. त्यांच्यापैकी कोणी "बिल निम्मे करून देतो" म्हणाला, तर ते खरे की नुसता भास, हे वहीच्या एका पानावर कसे तपासायचे, एवढेच आज सांगायचे आहे. आम्ही काही सभासद बरीच वर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांची लाइट बिले वाचून देतो. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. माणसे खालचा रुपयांचा आकडा बघतात, वरचे युनिट बघत नाहीत.

आम्हाला पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, की मुंबईचे पाहुणे म्हणतात तिकडे वीज कंपनी बदलता येते, मग आपल्याला का नाही? उत्तर साधे आहे. सुरतेत जुन्या शहराला टोरंट वीज पुरवते आणि भोवतालच्या वस्त्यांना दक्षिण गुजरात वीज कंपनी. घराचा पत्ता कंपनी ठरवतो, आपण नाही. मुंबईच्या उपनगरांत मात्र टाटा आणि रिलायन्स या दोघांकडेही परवाने होते. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांना छोट्या ग्राहकांनाही वीज विकता येईल असा निकाल दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तार रिलायन्सची आणि वीज टाटांची, अशी सोय करून दिली. युनिटचा दर कमी दिसला आणि कितीतरी घरे तिकडे गेली. पण तारेचे भाडे राहिलेच, आणि २०११ पासून कंपनी बदलणाऱ्यांच्या बिलात क्रॉस सबसिडी सरचार्ज नावाची ओळही आली. ज्यांनी फक्त युनिटचा दर बघून हिशेब केला होता, त्यांना वही पुन्हा उघडावी लागली. एकाच तारेवरून अनेक कंपन्यांनी वीज विकावी, अशी तरतूद असलेले विधेयक ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडे गेले. सुरतेत तो दिवस येईल तेव्हा येईल. बिल वाचायला तोवर थांबण्याचे कारण नाही.

आता आपले बिल घेऊ. डिंडोली, पांडेसरा भागातले, म्हणजे दक्षिण गुजरात कंपनीचे शहरी घरगुती बिल धरू. टोरंटचे आकडे वेगळे आहेत, बांधणी तीच. महिन्याला पहिले ५० युनिट ३ रुपये ५ पैशांनी, पुढचे ५० साडेतीन रुपयांनी, त्यापुढचे १५० युनिट ४ रुपये १५ पैशांनी आणि २५० च्या वरचे सगळे ५ रुपये २० पैशांनी. हे वाचून कोणालाही वाटेल, वीज स्वस्त आहे. पण खाली आणखी एक ओळ असते, इंधन आकाराची. तो पहिल्या युनिटपासून शेवटच्या युनिटपर्यंत सगळ्यांवर सारखाच लागतो. जुलै २०२५ पासून तो २ रुपये ३० पैसे झाला. शिवाय स्थिर आकार, आणि या सगळ्या बेरजेवर १५ टक्के वीज शुल्क.

महिन्याला २०० युनिट जाळणारे घर घ्या. दराप्रमाणे ७४२ रुपये ५० पैसे, इंधन आकार ४६० रुपये, तीन किलोवॉट भाराचा स्थिर आकार २५ रुपये. त्यावर शुल्क धरले की १,४१२ रुपये होतात. म्हणजे युनिट पडले ७ रुपये ६ पैशांना. चार रुपयांच्या आतबाहेर वाटणारी वीज सात रुपयांची निघाली. बचतीचा कुठलाही हिशेब या सातच्या आकड्यापासून सुरू करायचा.

या इंधन आकाराची आणखी एक गंमत आहे, आणि आजच्या भाषणातली आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. डिसेंबर २०२३ मध्ये तो ३ रुपये ३५ पैसे होता. जानेवारी २०२४ पासून २ रुपये ८५, त्या ऑक्टोबरपासून २ रुपये ४५, आणि जुलै २०२५ पासून २ रुपये ३०. मूळ दर तेच. म्हणजे दोन महिन्यांच्या बिलात ४०० युनिट जाळणाऱ्या घराचे बिल ३,३०६ रुपयांवरून २,८२३ वर आले. घरात कोणी एक दिवाही लवकर विझवला नाही, तरी ४८३ रुपये कमी. आता समजा, याच काळात त्या घराने प्लगमध्ये लावायची 'पॉवर सेव्हर' डबी घेतली. काकू शेजारणीला सांगणारच, की डबीने पाचशे रुपये वाचवले! त्या खोटे बोलत नाहीत. रुपये खरेच कमी झाले आहेत. पण डबीने नव्हे. त्या डबीत बहुतेक वेळा एक छोटा कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा असतो. घरगुती मीटर जी वीज मोजतो, ती कपॅसिटरने कमी होत नाही. दिव्याला थोडी जास्तच लागते.

म्हणून रुपये बाजूला ठेवा आणि युनिट लिहा. तेही या वर्षीचा मे-जून गेल्या वर्षीच्या मे-जूनशी लावून. उन्हाळ्याचे बिल दिवाळीनंतरच्या बिलाशी लावले, तर सुरतेत कोणतीही वस्तू चमत्कारी ठरेल. बिलाचे दिवसही बघा. एखादे ५८ दिवसांचे असते, एखादे ६३ दिवसांचे. युनिटना दिवसांनी भागा. घरात पाहुणे राहिले असतील, मुलगी बाळंतपणाला आली असेल, तर तेही वहीत लिहा. मे २०२४ मध्ये स्मार्ट मीटरवरून बडोद्यात आणि आपल्या शहरातही आरडाओरडा झाला, तेव्हा शंकानिरसनासाठी नव्या मीटरशेजारी जुना मीटर लावून दोन्हींचे युनिट ताडून बघण्याची सोय जाहीर झाली. तपासण्याची रीत हीच.

सोलरबद्दल आम्हाला आता सर्वांत जास्त विचारणा होते. आम्ही त्याच्या विरोधात नाही. स्वतःची गच्ची असेल (आपली मुले तिला आता अगाशी म्हणतात), तर जरूर विचार करावा. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्य घर योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉटचा संच वर्षाची सरासरी धरता महिन्याला ३६० युनिटच्या आसपास देतो. पावसाळ्यात कमी, आणि पॅनलवर धूळ बसू दिली तर आणखी कमी. विक्रेता काय करतो, तर ३६० ला ७ ने गुणतो आणि सांगतो, महिन्याला २,५२० रुपये वाचले.

हा गुणाकार सगळ्यांना लागू नाही. आपले २०० युनिटचे घर घ्या. त्याचे जे २०० युनिट वाचले, त्यांचे शुल्कासह १,३८३ रुपये खरे. स्थिर आकार जात नाही. उरलेले १६० युनिट कंपनी घेते, पण सव्वादोन रुपयांनी. त्याचे ३६०. एकूण १,७४३. कोटेशन १,७०,००० रुपयांचे असेल, तर अनुदान वजा जाता ९२,००० रुपये घरातून जातात. विक्रेत्याच्या हिशेबाने ते तीन वर्षांत फिटतात, वहीच्या हिशेबाने साडेचार वर्षांच्या जवळपास. कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे. महिन्याला १०० युनिटच जाळणाऱ्या घराने हाच संच बसवला, तर महिन्याला १,२२६ रुपये सुटतात आणि सव्वासहा वर्षे लागतात. अशा घराने लहान संचाचे कोटेशन मागावे. उलट ज्या घरात एसी आहे आणि वापर ३५० च्या घरात आहे, त्याचे २५० च्या वरचे प्रत्येक युनिट साडेआठ रुपयांहून महाग पडते. त्याला विक्रेत्याचा आकडा खरा ठरतो, थोडा कमीच म्हणायचा. विक्रेता लबाड असतोच असे नाही. तो सगळ्यांना एकच गुणाकार सांगतो, एवढेच. हप्ता मात्र आपल्या पगारातून जायचा असतो, तेव्हा कोटेशनच्या मागच्या बाजूला आपले युनिट लिहून मगच सही करावी.

गच्ची नसलेल्यांचे काय? आपल्यातले कितीतरी जण भाड्याच्या खोल्यांत राहतात. मालकाचा एक मीटर, खोलीत सबमीटर, आणि युनिटला मालक सांगेल तो दर. चार खोल्या, प्रत्येकीचे १०० युनिट. स्वतंत्र मीटर असते, तर स्थिर आकार सोडून युनिट ६ रुपये ४१ पैशांना पडले असते. चौघांचे ४०० युनिट एकाच मीटरवर चढले, की १५० युनिट वरच्या दरात जातात आणि सरासरी ७ रुपये ६२ पैसे होते. तेव्हा मालक साडेसात रुपये मागतो म्हणून त्याच्याशी भांडू नका, तो लुटत नाही. दहा मागत असेल, तर त्याच्याकडे मूळ बिल जरूर मागा. त्याच्या संमतीने स्वतंत्र मीटर मिळाला, तर ही बचत खरी आहे, आणि तीसुद्धा काही विकत न घेता.

गॅसचे थोडक्यात. घरगुती सिलिंडरमधल्या १४.२ किलो गॅसची उष्णता पाइपच्या साधारण १७-१८ घनमीटर गॅसएवढी असते. पाइप गॅसच्या बिलावरचा एका घनमीटरचा दर, कर धरून, साडेसतराने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी मांडा. अनामत आणि जोडणीचा खर्च पहिल्या वर्षात धरा. सिलिंडर संपायची धाकधूक जाते, त्याची किंमत ज्याची त्याने लावावी. रात्रपाळीहून येऊन पहाटे चहा ठेवणाऱ्याला ती जास्त वाटेल.

ज्यांनी आज बिले आणली आहेत, त्यांनी ती आमच्याकडे मागच्या टेबलावर द्यावीत. गेल्या वर्षीचे त्याच महिन्यांचे बिल सापडले, तर तेही घेऊन या. नाही सापडले, तर ग्राहक क्रमांक आणा. जुन्या बिलाचे युनिट फोनवर काढून देऊ.