यंदाचे वाण

(मंडळाच्या महिला शाखेत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण)

अध्यक्षताई, मैत्रिणींनो आणि मागे उभ्या असलेल्या लेकी-सुनांनो,

तिळगूळ घेतलात, आता जरा तिखट ऐका. यंदा आपल्या शाखेने वाण म्हणून वाट्या-गाळण्या न आणता पेपर स्प्रेची एकेक बाटली आणली आहे. कल्पना तरुण मुलींची. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, म्हणून त्यावर बोलायचे काम माझ्याकडे आले. पण खरे सांगायचे तर आज माझ्यातली शिक्षिका कमी आणि चुकलेली आई जास्त बोलणार आहे.

माझी लेक गच्चीबावलीला नोकरीला लागली तेव्हा मीच तिला अशी बाटली घेऊन दिली. दिली आणि निश्चिंत झाले. पुढे एका रात्री मेट्रोतून उतरून घरी येताना एक माणूस तिच्या मागे लागला. ती भरभर चालू लागली, तोही चालू लागला. तिने पर्समध्ये हात घातला. डबा, रुमाल, छत्री, चार्जर, सगळे हाताला लागले, बाटली काही लागेना. कोपऱ्यावर इडलीची बंडी उघडी होती, दिवा होता, चार माणसे होती, म्हणून ती सुखरूप घरी आली. नंतर पर्स उपडी केली तेव्हा बाटली फाटक्या अस्तरात सापडली. तिची मुदतही उलटून गेली होती.

म्हणून हे वाण देताना चार गोष्टी सांगते.

नावात ‘पेपर’ असले तरी यात मिरपूड नसते, मिरचीचा अर्क असतो. मिरचीची फोडणी जळली की अख्खे घर खोकते ना? ते ज्या कॅप्सायसिनमुळे होते, तेच इथे बाटलीत दाबून भरलेले असते. डोळ्यांत गेले की डोळे आपोआप मिटतात, खोकला येतो, कातडी भाजल्यासारखी होते. साधारण अर्धा-पाऊण तास हा त्रास राहतो. तेवढा वेळ आपल्याला पळून जायला पुष्कळ झाला. काही जणी विचारतात, मग घरचे तिखटच पुडीत बांधून नेले तर? नेऊ नका. पुडी सोडेपर्यंत वेळ जातो आणि वारा आपल्याकडे असला तर तिखट आपल्याच डोळ्यांत.

फवारे तीन तऱ्हांचे मिळतात. एक धुक्यासारखा पसरणारा, दुसरा सरळ धारेचा, तिसरा घट्ट जेलचा. धुक्याच्या फवाऱ्याला नेम लागत नाही, पण तो वाऱ्याने उलटा येतो आणि बंद जागेत सगळ्यांनाच भोवतो. १३ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगणाच्या विधेयकावेळी लोकसभेत एका खासदाराने स्प्रे मारला, तेव्हा अख्खे सभागृह खोकत बाहेर पडले आणि काही खासदारांना रुग्णालयात न्यावे लागले, हे आपण हैदराबादकर विसरलेलो नाही. लिफ्ट, रिक्षा, मेट्रोचा डबा या तशाच बंद जागा. म्हणून आपण धारेचा फवारा निवडला आहे. घेताना मुदत पाहा, किती फुटांवर पोचतो ते पाहा. सहा ते दहा फूट ठीक. खटका पर्समध्ये आपोआप दबणारा नको, पण एका अंगठ्याने उघडणारा हवा. लिपस्टिकसारख्या दिसणाऱ्या शोभेच्या बाटल्या घेऊ नका. घाबरल्यावर तोंड कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही.

आता जवळ बाळगण्याविषयी. पर्सच्या तळाशी ठेवलेली बाटली असून नसल्यासारखी. तिची एकच जागा ठरवा, बाहेरचा कप्पा किंवा पर्सच्या पट्ट्याची कडी. सुनसान रस्ता लागण्याआधीच ती हातात घ्या. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. दाबाखालची बाटली तापली तर फुटू शकते. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या मेट्रोने महिलांना स्प्रे जवळ ठेवायची मुभा दिली. विमानात मात्र हातातल्या सामानात चालत नाही.

नवीन बाटली आणली की एकदा गच्चीवर जा, वारा पाठीशी घ्या, मुलांना खाली ठेवा आणि अर्धा सेकंद दाबून पाहा. मग हात साबणाने धुवा. वेळ आलीच तर हात लांब करून डोळ्यांच्या रोखाने सेकंदभर मारा, मोठ्याने ओरडा, बाजूला व्हा आणि उजेडाकडे, माणसांकडे पळा. काय झाले ते बघत थांबू नका. मग ११२ ला फोन करा. चुकून आपल्याच डोळ्यांत गेले तर चोळू नका, तेल-तूप लावू नका. मोकळ्या हवेत जाऊन गार पाण्याने धूत राहा. दम्याच्या माणसाला हा फवारा धोक्याचा ठरू शकतो, म्हणून चेष्टेत कुणावर मारू नका.

कायद्याने स्वतःचा बचाव करायचा हक्क आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ त्याविषयीच आहेत. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. पार्किंगच्या भांडणात ही बाटली काढाल तर गुन्हेगार तुम्हीच ठराल.

आता शेवटची गोष्ट, आणि ही आयांसाठी आहे. माझ्या लेकीने त्या रात्रीचा प्रकार मला तीन महिन्यांनी सांगितला. मी विचारले, “इतके दिवस का गं नाही बोललीस?” ती म्हणाली, “आई, तू म्हणाली असतीस, नोकरी सोड.” मैत्रिणींनो, खरेच मी तसेच म्हणाले असते. तीन महिने ती त्याच रस्त्याने एकटी, घाबरत येत होती आणि मी घरात मजेत मालिका पाहत होते. त्या माणसाची भीती होती ती होतीच, वर माझीही होती.

तेव्हा बाटली देताना लेकीला, सुनेला एवढे सांगा: काही झाले तर आधी मला सांग, तुझी नोकरी, तुझे बाहेर जाणे मी बंद करणार नाही. आणि तो शब्द पाळा. आता गणपतीत कार्यक्रम संपवून मुली रात्री उशिरा परततील, तेव्हाही पहिला प्रश्न “इतका उशीर का?” हा नको, “नीट आलीस ना?” हा असू दे.

दर संक्रांतीला वाण लुटताना बाटलीवरची तारीख पाहायची, हा आपल्या शाखेचा नेम करू या. हे वाण कपाटात ठेवायचे नाही, बरे का.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि तिखट जवळ ठेवा.