इंग्रजीचा तास बारवेवर



तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांस इंग्रजी शिकविले. ते ऋण आम्ही मानतो. परंतु केवळ भाषांतरावर वाढलेला विद्यार्थी उतारा बिनचूक उलगडतो आणि पाहुण्याने इंग्रजीत नाव विचारताच मान खाली घालतो. निजामी अमलात, १९४८ पर्यंत, आपल्याकडे माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू. तेव्हा घरात इंग्रजी कानी पडणार कोठून?

आठवी-नववीचा वर्ग वालूरच्या चक्राकार बारवेवर न्यावा. एक मुलगा पायऱ्या उतरू लागला की मुलींनी म्हणावे, 'ही इज गोइंग डाउन'. तो तळाशी पोचताच, 'ही हॅज गॉन डाउन'. काळ पाठ करावा लागत नाही, डोळ्यांदेखत घडतो. (पावसाळ्यात मात्र वर्गातील दार-खिडकीवरच भागवावे!) मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ; एवढे मराठीतूनच खुशाल सांगावे. चुकले तरी वाक्य पुरे होऊ द्यावे, मध्येच तोडू नये. वही त्यानंतर उघडावी.

आणि घरी गुण विचारण्याआधी पालकांनी मुलीची चार इंग्रजी वाक्ये ऐकून घ्यावीत, आपणांस ती कळत नसली तरी.