नोटिशीचे तीस दिवस



भिन्न धर्मांच्या स्त्री-पुरुषांना धर्म न सोडता विवाह करण्याचा हक्क या देशात सहजासहजी मिळालेला नाही. १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाहाची सोय केली. परंतु त्यासाठी वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या आपापसांतील विवाहांपुरती ही सक्ती उठली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती सर्वांसाठीच रद्द केली. हे पाऊल निःसंशय पुरोगामी होते.

परंतु त्याच कायद्याने मार्गात एक धोंड ठेवली. नियोजित विवाहाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. दोघांपैकी एकाचे कायमचे वास्तव्य अन्य जिल्ह्यात असेल, तर तेथील कचेरीतही नोटिशीची प्रत झळकते. म्हणजे घरच्यांच्या धाकाने मुंबई गाठलेल्या तरुणीची नोटीस तिच्या आधीच तिच्या जिल्ह्यात परत जाते!

हरकतीची कायदेशीर कारणे मोजकीच आहेत: अपुरे वय, हयात पती वा पत्नी, मानसिक असमर्थता, निषिद्ध नाते. जात वा धर्म त्यांत नाही. पण मुलीला ओढून नेऊ पाहणाऱ्यांना हरकत सिद्ध करायचीच नसते. त्यांना हवे असतात नाव, पत्ता आणि तीस दिवस.

हिंदू विवाह कायद्याखालील लग्नाला अशी नोटीस लागत नाही. मग धर्माची भिंत ओलांडणाऱ्यांवरच हा पहारा कशासाठी? जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोपवली; परंतु संसदेने कायद्यातील कलम काढलेले नाही. ते काढून टाकण्याची मागणी लोकशाहीवादी चळवळीने लावून धरली पाहिजे.

मात्र कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसता येणार नाही. जून २०२४ मध्ये तमिळनाडूत तिरुनेलवेली येथे एका आंतरजातीय जोडप्याला साहाय्य केल्यामुळे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयाची मोडतोड झाली. असे साहाय्य जातवर्चस्वाला किती झोंबते, याचा हा पुरावाच होय.

विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार लागतात. नातलगांनी पाठ फिरवलेल्या जोडप्याला ते कोठून मिळणार? कामगार संघटनेतून, महिला संघटनेतून, पक्षाच्या शाखेतून ते पुढे आले पाहिजेत. जातिअंताचा ठराव संमत करणाऱ्या प्रत्येक सभासदाची सही त्या विवाहाच्या कागदावरही करण्याची तयारी हवी.