चहा घ्यायला थांबणे आणि चहा घेणे थांबवणे

१८९१ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या होळकर महाविद्यालयाच्या आवारात असो वा तेथील राजवाड्यामागच्या एखाद्या माडीवरील शिकवणीवर्गात, इंग्रजी क्रियापदानंतर ‘टु’ घालावे की ‘इंग’ लावावे, या प्रश्नापाशी मराठी विद्यार्थी थबकतोच. आणि त्याला बहुधा याद्या पाठ करण्याचा हुकूम मिळतो. वास्तविक आपल्या भाषेत या भेदाची उत्तम तजवीज आहे. ‘तो सराफ्यात चहा घ्यायला थांबला’ आणि ‘त्याने चहा घेणे थांबवले’ यांत कोणीही मराठी मनुष्य घोटाळा करीत नाही. पहिल्यात हेतू आहे, म्हणून ‘स्टॉप्ड टु ड्रिंक’, आणि दुसऱ्यात क्रियाच बंद पडते, म्हणून ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग’. तसेच ‘पत्र टाकल्याचे आठवते’ येथे ‘रिमेंबर पोस्टिंग’, परंतु ‘पत्र टाकायचे लक्षात ठेव’ येथे ‘रिमेंबर टु पोस्ट’.

मात्र ही सोबत सर्वत्र पुरत नाही. ‘मला पोहायला आवडते’ यातील ‘पोहायला’च्या भरवशावर आपण ‘एन्जॉय टु स्विम’ लिहून बसतो. ‘एन्जॉय’ला ‘स्विमिंग’च हवे, ‘लाइक’ला दोन्ही चालतात. इच्छा, निश्चय वा आश्वासन सांगणारी ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’ ही क्रियापदे पुढच्या कृतीकडे पाहतात व ‘टु’ घेतात, हे खरे. पण ‘सजेस्ट’ही पुढचेच सांगते आणि तरी ‘इंग’ मागते! तेथे व्याकरणकारांचे तर्कशास्त्र निमूटपणे रजा घेते. सर्वांत फसवे प्रकरण अर्जाच्या अखेरीस येते: ‘लुक फॉरवर्ड टु’ यातील ‘टु’ हे शब्दयोगी अव्ययाच्या जातीचे असल्याने त्यापुढे ‘हिअर’ नव्हे, ‘हिअरिंग’ लिहावे.