घोडी कुणाची, शर्यत कुणाची?

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

भाकरी थापून झाल्या असतील, भांडी व्हायची असतील. राहू द्या घटकाभर. हात चालू ठेवून ऐकलं तरी चालेल.

आज आम्ही घोड्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शेळ्या, कोंबड्या, म्हशी सोडून हे काय काढलं? तर आमच्या बचत गटात मागच्या महिन्यात एक अर्ज आला. आमच्यातल्या एका बाईला घोडी घेण्यासाठी साठ हजार रुपये कर्ज हवं होतं. लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचा त्यांचा घरचा धंदा. जुनी घोडी म्हातारी झाली. सारंगखेड्याच्या बाजारातून नवी आणायची, असा तिचा विचार.

अर्ज वाचला आणि बैठकीचे दोन भाग झाले. निम्म्या बाया म्हणाल्या, द्या, धंद्याचंच तर आहे. निम्म्या म्हणाल्या, घोडा म्हणजे शर्यत आणि शर्यत म्हणजे सट्टा, गटाचा पैसा जाईल. त्या उगीच म्हणत नव्हत्या. या बाईच्या नवऱ्याने पूर्वी एका शर्यतीवर पैसे लावले होते आणि त्या महिन्याचा हप्ता गटाला आला नव्हता. तो आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून भरला होता. ते कुणी विसरलं नव्हतं, ती बाई तर नाहीच नाही. ती खाली मान घालून बसली होती.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी नीट समजून घेऊ, मग हात वर करू. जे समजलं ते आज सांगतो.

सारंगखेडा तुम्हाला माहीतच आहे. तापीच्या काठचं गाव, शहादा तालुक्यातलं. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, लांबलांबून घोडे येतात. दोंडाईच्याला रेल्वेतून उतरून माणसं तिकडे जातात. आता तिथे चेतक फेस्टिव्हलही होतो. घोड्यांचा नाच होतो, शर्यती होतात.

तिथे घोडा कसा पारखतात ते पाहण्यासारखं आहे. दात बघून वय सांगतात. अंगावरचे भोवरे बघतात. गळ्याखालचा देवमण शुभ मानतात. चारी पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याणी म्हणून किंमत वाढते. आम्ही म्हणतो, भोवरा जरूर बघा, पण आधी खूर बघा. टाच चिरलेली नाही ना, पाय टेकताना मान खाली-वर होत नाही ना, नाकातून चिकट स्राव नाही ना? घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो आणि तो माणसालाही लागतो. सौदा करण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावं. भोवरा काही हप्ता फेडत नाही.

आता एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर कायम होती, पण कधी मोजली नव्हती. बाजारात लगाम धरून उभे राहतात ते पुरुष. घरी घोडीला पाणी कोण दाखवतं? लीद कोण काढतं? हरभरा कोण भिजवतं? घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे दोन-तीन हंडे, आणि हंडा कुणाच्या डोक्यावर ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही अर्जातला पहिला प्रश्न बदलला. “घोडी कोण घेणार” असं न विचारता “घोडी कुणाच्या नावावर राहणार” असं विचारलं.

मग हिशेब मांडला. आमच्या भागात वरातीला एका वेळचे अडीच हजार मिळतात. तुळशीच्या लग्नापासून पाऊस लागेपर्यंत मुहूर्त धरले तर चांगल्या वर्षी चाळीस वराती. झाले एक लाख. पण घोडी कमावते चाळीस दिवस आणि खाते तीनशे पासष्ट दिवस. रोजचे दीडशे रुपये धरले तर वर्षाचे ५४ हजार ७५० होतात. नाल, औषधपाणी, सामान यांचे दहा हजार. उरले ३५ हजार २५०. त्यातून साठ हजारांचं कर्ज व्याजासह फेडायचं तर दोन वर्षं कुठे गेली नाहीत, तेही घरखर्चाला त्यातला रुपया न घेता. वाईट वर्ष आलं तर तीन.

हा हिशेब ऐकून नवरा म्हणाला, “कशाला तीन वर्षं? एक शर्यत जिंकली की सगळं फिटतं.” बैठकीत एकदम शांतता झाली. बायांनो, खरा धोका त्या वाक्यात आहे, घोडीत नाही.

शर्यतीबद्दल आमचं मत आम्ही सरळ सांगतो. घोडा धावताना बघणं यात पाप नाही. चौखूर सुटलेला घोडा पाहून कुणाचं मन हरखत नाही? पण तीन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात: धावणं, मारणं आणि पैसे लावणं.

मारण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. १९६५ च्या नियमांत काटेरी लगाम आणि खिळ्याची काठी वापरायला बंदी आहे. ओझं वाहणाऱ्या, गाडी ओढणाऱ्या जनावरांना दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन काम द्यायचं नाही. आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात हा नियम किती मोलाचा, ते सांगायला नको. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. पुढे महाराष्ट्राने कायदा बदलला आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने तो कायदा मान्य केला. पण तो बैलांपुरता आहे आणि त्यालाही परवानगी आणि अटी आहेत. “शर्यत सुरू झाली, आता काहीही चालतं” असा त्याचा अर्थ नाही.

पैसे लावण्याचं असं आहे. मुंबईत महालक्ष्मीला रेसकोर्स आहे, पुण्यात आहे. तिथे सरकारी परवान्याखाली पैसे लावता येतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कौशल्य कुणाचं? घोडा तयार करणाऱ्याचं, स्वाराचं, आणि घोड्यांचा अभ्यास करून पैसे लावणाऱ्याचं. आमच्या गावात झाडाखाली उभा राहून शंभराची नोट काढणाऱ्याचा कसला आलाय अभ्यास? गावच्या माळावर लागणारा पैसा हा जुगारच, आणि त्यावर १८८७ पासूनचा कायदा आहे. मोबाइलवरही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. तेव्हा कुणी लिंक पाठवली तर आपल्या पोरांना आधी सावध करा.

सट्ट्यात जिंकलेला पैसा घरी आलेला आम्ही फार थोडा पाहिला. हरलेला मात्र पोत विकून, शेळी विकून भरलेला पाहिला.

आता दुसरी बाजू. त्या बाईला तेरा वर्षांची मुलगी आहे. जुन्या घोडीला ती तळ्यावर नेते, खरारा करते आणि येताना तिच्या पाठीवर बसून येते. बैठकीत एक आजी म्हणाली, “पोरनी जात शे, घोडावर कसाले बसाडस?” सगळ्या हसल्या, पण आजी हसली नाही.

आजी, तुमची भीती आम्हाला कळते. पडली तर? बरोबर आहे, पडू शकते. म्हणून हेल्मेट हवं, पायात बंद बूट हवेत, रिकिबीत पाय अडकू नये, आणि घोडीने कान मागे पाडले की ती रागावलीय हे मुलीला शिकवायला हवं. खरचटलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नये. गरोदर बाईने मात्र घोड्यावर बसू नये, कारण पडण्याचा धोका आहे.

दुसरी भीती बाया हळू आवाजात सांगतात, म्हणून आम्ही ती मोठ्याने बोलतो. घोड्यावर बसलं की पिशवी सरकते, असं म्हणतात. निरोगी मुलीची पिशवी त्याने सरकत नाही. कौमार्य जातं, असंही म्हणतात. तो पातळ पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, खेळण्या-धावण्यानेही ताणला जातो. त्यावरून मुलीच्या वागण्याबद्दल काही कळत नाही. अत्याचार झालेल्या मुलीची दोन बोटांची तपासणी करणं चूक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलं. मग आपण घोड्याच्या पाठीवरून मुलीची पारख कशाला करायची?

आणि आपल्याकडे बायका घोड्यावर बसल्याच नाहीत का? पारोळ्याचा किल्ला आपल्या जळगाव जिल्ह्यातला. तिथली जहागिरी नेवाळकरांची, आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई त्याच नेवाळकर घराण्याची सून. जून १८५८ मध्ये ती ग्वाल्हेरला लढताना पडली. तिचं घोड्यावरचं चित्र आपण शाळेत पोरींकडून काढून घेतो, आणि पोर खरोखर घोड्यावर बसली की तिला खाली उतरवतो.

जगातही तेच झालं. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत बायकांना १९५२ पर्यंत जागा नव्हती. त्या वर्षी डेन्मार्कची लिस हार्टेल उतरली. पोलिओने तिच्या गुडघ्याखालच्या पायांत बळ नव्हतं. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. तिने रौप्यपदक मिळवलं. आज या खेळात बाया आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. २०२३ च्या आशियाई खेळांत भारताच्या ज्या संघाने घोडेस्वारीत सुवर्ण जिंकलं, त्यात दोन मुली होत्या. त्यातली सुदीप्ती हजेला आपल्या शेजारच्या इंदूरची.

आपल्याकडे एक जुना उखाणा आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला? न फिरवल्याने. आमचं म्हणणं, पोरगीही अशीच अडते.

आता बैठकीत काय ठरलं ते सांगतो. कर्ज मंजूर झालं, पण अटींवर. घोडी बाईच्या नावावर, पावती तिच्या हातात. विमा काढल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्याचाही विमा येतो आणि पालनासाठी मदतही आहे. २०२४ मध्ये त्यात घोडा, गाढव, खेचर, उंट घेतले आणि बचत गटांनाही अर्ज करता येतो. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन अटी विचारून घ्या. तिसरी अट, घोडी पैजेच्या शर्यतीत उतरवायची नाही. चौथी, वरातीत फटाके घोडीच्या पायाशी लावणाऱ्या घरी घोडी द्यायची नाही, मग अडीच हजार गेले तरी चालतील.

शेवटच्या अटीवर नवरा कुरकुरला. तेव्हा ती खाली मान घालणारी बाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “हिशेब माझा, हंडा माझा, आता घोडीही माझी. अटी मला मान्य आहेत.” सगळ्यांनी हात वर केले, आजीनेसुद्धा.

घोडी अजून यायची आहे. हप्ता वेळेवर येतो की नाही, ते आम्ही वर्षभराने याच रेडिओवर सांगू, चांगलं झालं तरी आणि वाईट झालं तरी.

तुमच्या गटातही अशी बैठक घ्या. तीन प्रश्न विचारा. आपल्या घरातल्या जनावरांपैकी किती बाईच्या नावावर आहेत? गावच्या शर्यतीत पैसे लागतात का, आणि ते कुणाच्या घरातून जातात? आणि आपल्या पोरीला शेवटचं “खाली उतर” कधी म्हटलं, कशासाठी म्हटलं? उत्तरं आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ती वाचून दाखवू.

चला, भांडी वाट बघतायत. येतो आम्ही. नमस्कार.