मांडूच्या मुदपाकखान्यातलं पुस्तक
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित भाग)



सराफ्यात आपण जो समोसा खातो, तो पाचशे वर्षांपूर्वी मांडूच्या सुलतानाच्या ताटातही होता. सुलतान घियासशाह १४६९ मध्ये गादीवर बसला. त्याच्या आवडीच्या पदार्थांचं फारसी पुस्तक, ‘नेमतनामा’, मांडूतच तयार झालं. मुलगा नासिरशाह याच्या काळात ते पुरं झालं. समोसे, खिचडी, सरबतं, विडे, अत्तरं, सगळं त्यात आहे, शिवाय चित्रं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

हे पुस्तक वाचायचं कुणी? फारसीचा पंडित मजकूर लावील, पण पदार्थांची देशी नावं आली की अडेल. चित्रांचा जाणकार सांगेल, सुरुवातीला इराणच्या शिराझची छाप दिसते, पुढे चित्रं इथली होत जातात. औषधी गुण वैद्य ओळखील. आणि फोडणीचा क्रम? त्याला चुलीपुढे आयुष्य गेलेली आजीच हवी!

परदेशी विद्यापीठांत मध्ययुग आणि प्रबोधनकाळ यांच्या अभ्यासाला भाषा, इतिहास, कला, वैद्यक असे सगळे एकत्र बसतात. १४६९ मध्येच फ्लॉरेन्सची सूत्रं लॉरेन्झो मेदिचीकडे आली. त्याच सुमारास इटलीत प्लातिनाचं पाकपुस्तक छापलं गेलं. त्या पुस्तकाला जो मान, तो आपल्या मांडूच्या पुस्तकाला का नको? आपल्याकडे मध्ययुगावर एम.ए. करणारा मुलगा फारसीचं एक अक्षर न शिकता पदवी घेऊ शकतो. मला हे खटकतं.

फारसी परकी वाटते ना? फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. ही भाषा आपल्यातल्या कित्येकांच्या दारावरच्या पाटीवर आहे.

मंदसौर जिल्ह्यातल्या सीतामऊचे महाराजकुमार रघुवीर सिंह यांनी हे फार आधी ओळखलं होतं. संस्थानिकाचा मुलगा, पण जन्मभर कागदांत रमला. १९३६ मध्ये त्यांचा माळव्यावरचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यांनी जमवलेल्या फारसी हस्तलिखितांचा संग्रह सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानात आहे. इंदूरहून तिथे जाऊन एका दिवसात परत येता येतं.

आपल्या घरांत माळ्यावर जुने मोडी रुमाल असतील. घर बदलताना, वाडा पाडताना ते आधी रद्दीत जातात. या दिवाळीच्या साफसफाईत तसे कागद निघाले, तर विकण्याआधी मंडळात आणून दाखवा. मोडी वाचणारी दोन-तीन वयस्कर मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ एखाद्या कॉलेजच्या पोराला बसवता येईल.