‘थ्री वीक्स’ : एक गाजलेली आणि फसलेली कादंबरी

कांहीं पुस्तकें स्वतःच्या गुणांवर जगतात, तर कांहीं त्यांच्यावर पडलेल्या बंदीवर. एलिनॉर ग्लिन (१८६४–१९४३) या इंग्रज लेखिकेची १९०७ सालीं प्रसिद्ध झालेली ‘थ्री वीक्स’ ही कादंबरी दुसऱ्या वर्गांतील होय. ईटनच्या विद्यालयांत तिला मज्जाव झाला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत ती विकल्याबद्दल झालेली शिक्षा १९०९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें कायम केली. १९१५ सालीं तिची टवाळी करणाऱ्या एका मूकपटाविरुद्ध लेखिकेनें लंडनच्या न्यायालयांत दाद मागितली. तेव्हां न्यायमूर्ति यंगर यांनीं, असल्या अनीतिपर ग्रंथाच्या रक्षणासाठीं न्यायालय धांवून येणार नाहीं, असें बजावून दावा फेटाळला. इतकें होऊनही, किंबहुना इतकें झालें म्हणूनच, पुस्तक हातोहात खपलें, आणि १९२४ सालीं हॉलिवुडनें त्यावर मोठा मूकपट काढला.

या सर्व गदारोळांत एक साधा प्रश्न मात्र मागें राहिला. नीति-अनीतीचा वाद घटकाभर बाजूस ठेवला, तर ही कथा कथा म्हणून तरी साधली आहे काय? सखेद उत्तर द्यावें लागतें कीं, नाहीं.

कथानक थोडक्यांत असें. पॉल व्हर्डेन हा सधन घराण्यांतील इंग्रज तरुण एका पाद्र्याच्या मुलीच्या नादीं लागतो. म्हणून आईबाप त्याला परदेशीं धाडतात. स्वित्झर्लंडांत ल्यूसर्न येथें त्याला एक गूढ, वयानें वडील अशी स्त्री भेटते. ती एका दूरच्या राज्याची राणी असून तिचा पति क्रूर आणि व्यसनी आहे. ल्यूसर्नपासून व्हेनिसपर्यंत तीन आठवडे दोघांचा सहवास घडतो. मग एके दिवशीं ती निघून जाते. पुढें तिला पुत्र होतो. तो पॉलचा, पण जगाच्या दृष्टीनें राजाचा. पॉलची आणि तिची पुन्हा भेट व्हावयाच्या आधींच राजा तिचा खून करतो, तिचा निष्ठावंत सेवक राजाला ठार करतो, आणि तें बालक गादीवर येतें. कांहीं वर्षांनीं पॉल त्या देशीं जातो आणि प्रार्थनामंदिरांत आपल्या मुलाला दुरून पाहतो. येथें कादंबरी संपते.

बीज दुबळें नाहीं. राजसिंहासन, गुप्त पितृत्व, आणि मुलाला ‘बाळ’ म्हणून हांक मारण्याचाही अधिकार नसलेला बाप, एवढ्या सामग्रीवर थोर शोकांतिका उभी राहिली असती. ती उभी राहत नाहीं, याचा दोष नायकनायिकांकडे जातो.

पॉल हा नायक म्हणण्यापेक्षां सामान म्हणणें अधिक योग्य. आईबाप पाठवितात तिकडे तो जातो, राणी नेते तिकडे तो जातो, ती सोडून गेली कीं आजारी पडतो. स्वतः ठरवून एखादी गोष्ट त्यानें केली असेल, तर ती ल्यूसर्नच्या दुकानांतून विकत घेतलेलें तें सुप्रसिद्ध व्याघ्रचर्म! पितृत्वासारखी वार्ता कानीं आल्यावर मनुष्याच्या अंतरांत जें वादळ उठावें, त्याचें येथें उसाशांपलीकडे कांहीं होत नाहीं.

राणीची गोष्ट याहून चीड आणणारी. लेखिका तिला बहुतेक ठिकाणीं नुसतें ‘लेडी’ म्हणते. ती प्रेम, निसर्ग, जीवन यांवर पानेंच्या पानें बोलते. मात्र ज्या गोष्टी पॉलला सांगावयास हव्यात, तेवढ्याच सांगत नाहीं. त्याच्या जीविताला धोका होता, हें कारण मान्य केलें तरी, जो पुरुष आपल्या अपत्याचा पिता व्हावयाचा, त्याला विश्वासांत घेण्याइतकें धैर्य तिच्या प्रेमांत दिसत नाहीं. गूढता म्हणजे खोली नव्हे, हा भेद लेखिकेला उमगलेला नाहीं.

आणि मूल? ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप, तें शेवटच्या पानांपर्यंत कथेंत येतच नाहीं. येतें तें गोरेंगोमटें, मुकुटधारी चित्र होऊन. आपला बाप कोण, हें त्याला कधीं कळेल काय, आणि कळल्यास तें काय म्हणेल, हा प्रश्न लेखिकेला पडलेला नाहीं.

याच भाषेंतील एक जुनें उदाहरण तुलनेस घ्यावें. मिसेस गॅस्केल यांच्या ‘रूथ’ (१८५३) या कादंबरींतील फसविली गेलेली तरुणी विधवा म्हणून राहून मुलाला वाढविते. गुपित फुटतें, तेव्हां ती स्वतः मुलाला जवळ घेऊन सत्य सांगते. आणि मुलाचा बाप विवाहाची तयारी दाखवितो, तेव्हां ती त्याला नाकारते. तिचें मौन आणि तिचें बोलणें, दोहोंसही कारण आहे. म्हणून वाचक तिच्या पाठीशीं उभा राहतो.

आणि आपल्याकडे तर शाकुंतल आहेच. महाभारतांतील दुष्यंत सर्व आठवत असूनही राजसभेंत पत्नीला आणि पुत्राला नाकारतो. असा नायक प्रेक्षकांस पटणार नाहीं, हें कालिदासानें ओळखलें आणि दुर्वासाचा शाप घालून विस्मरणाला कारण दिलें. पुढें सातव्या अंकांत सिंहाच्या छाव्याचे दांत मोजूं पाहणारा सर्वदमन बापाच्या आधीं प्रेक्षकांचें मन जिंकतो, आणि मग दुष्यंत शकुंतलेच्या पायां पडतो. पित्याला तेथें पश्चात्तापाची किंमत मोजावी लागते. पॉलला अश्रूंखेरीज कांहींच मोजावें लागत नाहीं.

‘थ्री वीक्स’चा काळ सरला, तिचा सांचा मात्र सरला नाहीं. १९०८ सालीं स्थापन झालेल्या मिल्स अँड बूनसारख्या संस्थांच्या प्रणयमालांतून ‘गुप्त बालक’ हा आजही एक ठरलेला विषय आहे, आणि घरोघरच्या तरुण वाचकांच्या हातीं तीं पुस्तकें पडतात. तीं हिसकावून घेण्यांत अर्थ नाहीं. बंदीनें पुस्तक वाढतें, हें ग्लिनबाईंच्या चरित्रानेंच शिकविलें आहे. त्यापेक्षां वाचणाऱ्याला दोन प्रश्न विचारावयास शिकवावें : हें गुपित कोणाच्या हितासाठीं राखलें, आणि त्याची किंमत कोणी भरली? लेखकाचें मौन जर फक्त पानें वाढविण्यासाठीं असेल आणि किंमत त्या अजाण बालकाच्या माथीं मारली असेल, तर तें पुस्तक कितीही गाजलेलें असो, वाचकानें तें निःशंकपणें खालीं ठेवावें.